उत्तरेकडचं वळण

ट्रेलरवर एकूण सतरा तुकडे होते. पायांचे सहा, कमरेचा एक, छाती आणि पाठ मिळून दोन, हातांचे चार, वेणीचे दोन आणि डोकं एक. हे झाले सोळा. सतरावा तुकडा माणसाएवढा उंच, वर निमुळता आणि खालून पोकळ होता. तो कशाचा, हे जमलेल्यांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं.

"कान असंल," देविदासमामा खालून म्हणाला.

"एकच कान, मामा? मग दुसरा कुठं गेला?"

"पडला असंल वारंगा फाट्यावर. तिथले खड्डे पाह्यले का तू? जित्या माणसाचे कान गळून पडतेत, ही तर फायबरची."

ट्रेलरवर उभी असलेली मिना हसली आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ड्रायव्हरला माल पोचल्याची सही हवी होती. मामानं तिला वर चढवतानाच सांगितलं होतं, "तू बीएस्सी झालेली. तू मोज, मी सही करतो." पेंढ्यावर पडलेलं ते डोकं आभाळाकडं बघत होतं. एकेक डोळा सुपाएवढा. सगळ्या तुकड्यांना पितळी रंग दिलेला होता, आणि बोटानं वाजवलं की आतून रिकाम्या टाकीसारखा आवाज यायचा.

"सतरा," ती म्हणाली. "कानासकट."

मामानं सही केली. पुढच्या आठवड्यात क्रेन आली, तुकड्यावर तुकडा चढला, आणि तो सतरावा तुकडा उजव्या हातातल्या मशालीची ज्योत निघाला. चाळीस फुटांची एक पोरगी, वेणी मागं उडालेली, एक पाय जमिनीला आणि एक हवेत, अशी कोरटवाडीच्या स्टेडियममध्ये उभी राहिली.

स्टेडियम म्हणजे फार काही नव्हतं. एका बाजूला सात पायऱ्या, एक कुलूपबंद खोली, तारेचं कुंपण आणि मध्ये मुरमाचा चारशे मीटरचा ट्रॅक. पण आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या पोरापोरींना तेवढाच आधार होता. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, मुलांना सोळाशे. डांबरी रस्त्यावर, ट्रकांना चुकवत कितीही धावलं तरी आपण कुठं आहोत ते कळत नाही. इथं कळायचं. दोन फेऱ्या म्हणजे आठशे, चार फेऱ्या म्हणजे सोळाशे. उजाडायच्या आधीपासून साठ-सत्तर जण गोल फिरत असायचे आणि मधोमध गळ्यात स्टॉपवॉच अडकवून देविदासमामा उभा असायचा.

तो खरं म्हणजे राखणदार. स्टेडियम व्हायच्या आधी हे गायरान होतं आणि मामाच्या बापाची शेरडं-मेंढरं इथंच चरायची. जागा गेली तेव्हा गावानं भांडून त्याला ही नोकरी मिळवून दिली. कुलूप काढायचं, लावायचं, पावसाळ्यात माजलेलं गवत स्वतःच्याच शेळ्यांच्या पोटात घालायचं, आणि फक्की पुसट झाली की ट्रॅकच्या रेषा नव्यानं मारायच्या. खुंटी ठोकून, दोर ताणून तो वळण काढायचा, ते असं की पाहणाऱ्यानं पाहत राहावं.

मिना ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची. तिचा बाप अमरसिंग आडे तीन एकर हळद करायचा. मामाची मुलगी राधिका आठवीपासून मिनाच्या वर्गात, तेव्हापासून दोघी बरोबर धावायच्या. बीएस्सी झाल्यावर अमरसिंगनं मिनाचं लग्न काढलं, तेव्हा ओढा ओलांडून तांड्यावर गेला तो हाच मामा. अमरसिंगच्या बाजेवर मांडी घालून बसला.

"तुझी पोरगी पळते कशी, ते मी रोज पाहून राहिलो, अमरसिंग. तिला एक भरती दे."

"अन् न्हाई लागली तर? पुसदकडचे पावणे थांबून राहिले."

"लागती. माझ्यावर सोड."

अमरसिंगनं चुलीपाशी बसलेल्या बायकोकडं पाहिलं. रुख्मिणीबाईनं मान हलवली की नाही, ते मिनाला दिसलं नाही.

"एक," अमरसिंग म्हणाला. "एकच. मंग मला बोलायचं न्हाई."

बाहेर येऊन मामानं मिनाच्या डोक्यावर टपली मारली. "हासू नको. तुझ्या बापाकडून भरती आणली, आता त्या घड्याळाकडून तू आण." घड्याळाकडून आणायचं होतं ते एवढंच, आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत. तेवढ्यात आलं की वीसपैकी वीस गुण. मिनाला तेव्हा तीन मिनिटं पाच सेकंद लागत होते.

पुतळ्याच्या कामासाठी मैदान अडीच महिने बंद राहिलं. हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांना तो दिसायला हवा होता, म्हणून पुतळ्याच्या समितीनं तो फाटकाजवळ न बसवता उत्तरेकडच्या वळणावर बसवला. त्याच्याभोवती गोल ओटा, ओट्याभोवती प्लास्टिकची हिरवळ, हिरवळीभोवती लोखंडी कठडा. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं फाटकाशी जमली तेव्हा नवी फक्की पांढरीशुभ्र दिसत होती आणि उत्तरेकडचं वळण पहिल्यापेक्षा बरंच अलीकडं आलेलं होतं.

मिना वळणापाशी जाऊन उभी राहिली. कठड्याच्या अलीकडून रेषा गोल वळून परत येत होती.

"मामा, हे आत आलं की."

"आलं ना. बाई मोठी, तिला जागा लागती."

"मंग चारशे?"

"तिकडं आत घेतलं, इकडून बाहेर काढलं." मामानं दक्षिणेकडं हात केला. "चारशे बराबर. चल, लागा पळायला. पाय गोठतेन."

मिनानं दक्षिणेकडं पाहिलं. अंधारच होता अजून. मामानं बराबर म्हटलं म्हणजे बराबर. तिनं बुटाची नाडी बांधली.

त्या सकाळी ती दोन फेऱ्या मारून रेषेवर आली तेव्हा मामा स्टॉपवॉचकडं बघत गप्प उभा होता.

"किती?"

त्यानं घड्याळ तिच्यापुढं धरलं. दोन मिनिटं बावन्न.

"खराब झालं का हे?"

"न्हाई," मामा म्हणाला. एवढंच म्हणाला.

मग ग्यानबा आला. कळमनुरीकडचा हा पोरगा दोन भरत्यांत सोळाशे मीटरला मार खाऊन बसलेला. त्याचं जवळजवळ अर्धं मिनिट कमी झालं होतं. त्यानं घड्याळ पाहिलं, मामाकडं पाहिलं, मग तसाच धावत कठड्यावरून उडी मारून आत गेला आणि पुतळ्याच्या जमिनीवरच्या पायावर डोकं टेकवून रडायला लागला.

"पायगुण हाय!" तो ओरडला. "बाईचा पायगुण हाय, मामा!"

पोरं हसली. पण मग एकेकाचा आकडा येत गेला. सगळ्यांचाच कमी. हसणं थांबलं. कुणीतरी मामाला कमरेला धरून उचललं, आणि चाळीस फुटांच्या त्या पोरीपुढं सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. मामा वरून "अरे सोडा, सोडा मला, ऐका तर" म्हणत होता. कुणी ऐकलं नाही. सगळ्यांना तो लाजतोय असं वाटलं.

महिन्याभरात तिचं नाव पडलं, पळतीबाई. शनिवारी नारळ फुटायला लागले. मुली तिच्या बुटाच्या टोकाला हळदकुंकू लावायच्या, मुलं कठड्याला लिंबू-मिरची बांधायची, आणि पळण्याआधी तिच्या टाचेला हात लावल्याशिवाय कुणी रेषेवर उभं राहत नसे. वसमतकडून, बाळापूरकडून मोटारसायकलींवर पोरं यायला लागली. देविदासमामाला पोरांनी निळा टी-शर्ट आणून दिला, पाठीवर मोठ्या अक्षरांत कोच. फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यात पळतीबाईच्या पायाशी मामा, गळ्यात शिट्टी. ज्याला आजवर "ओ राखणदार" म्हणून हाक मारायचे, त्याला आता नवी पोरं सर म्हणायला लागली. मामाची बायको पद्माबाई म्हणायची, "आमच्या सरांना भाकर वाढा गं कुणी, ते खाली उतरत न्हाईत आजकाल."

रुख्मिणीबाई एकदा डबा घेऊन मैदानावर आली तेव्हा तिनं मान वर करकरून त्या पुतळ्याकडं पाहिलं.

"ही देवी?"

"देवी न्हाई, याडी," मिना आईला म्हणाली. "पोरं म्हणतेत."

"देवीच्या पायात बूट असतेत का?" असं म्हणाली खरी, पण जाताना तिनं पदराच्या गाठीतली साखर ओट्यावर ठेवली.

मिनाचा पायगुणावर विश्वास नव्हता. तिच्याकडं तीन कारणं होती आणि तिन्ही पटण्यासारखी होती. अडीच महिन्यांत शरीराला विश्रांती मिळाली होती. नवा मुरूम रोलर फिरवून घट्ट झाला होता. आणि ती रोज भिजवलेले हरभरे खात होती. तरी टाचेला हात ती लावायचीच. सगळ्या लावतात, आपणच कशाला वेगळं. माघापर्यंत ती दोन मिनिटं सत्तेचाळीसवर आली. मामा म्हणायचा, "बास. आता वाढवू नको, कमी करू नको. हेच तिथं पळ."

एकच गोष्ट तिला रुखरुख लावून गेली. राधिका मैदानावर यायची बंद झाली होती. मैदान सुरू झाल्यावर आठवडाभरच आली असेल. विचारलं तर म्हणाली, "बाबा म्हणतेत, इथं आता जत्रा भरती. तुझं ध्यान लागणार न्हाई." आणि ते खरंच होतं, जत्राच भरत होती. राधिका तशीही मिनाच्या मागंच असायची. मिनाला वाटलं, हिनं सोडलं.

हिंगोलीला शारीरिक चाचणी होती त्या दिवशी थंडी कडक होती. छातीवर नंबर, पायाला चिप. मिनाच्या तुकडीत वीस मुली होत्या. शिट्टी झाली आणि ती तिच्या नेहमीच्या चालीनं निघाली. ना जोरात, ना हळू, हेच तिथं पळ. पहिली फेरी संपली तेव्हा ती तिसरी होती. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तिनं रोजच्यासारखा उरलेला सगळा जोर लावला. कुठं लावायचा ते तिच्या पायांना पाठ होतं. जोर संपला तेव्हा रेषा यायला हवी होती. रेषा पुढं होती. मांड्यांत शिसं भरल्यासारखं झालं. एक मुलगी बाजूनं गेली, मग दुसरी, मग तिनं मोजणं सोडलं.

"तीन मिनिटं चार," टेबलापलीकडची बाई पोलीस म्हणाली.

"मॅडम, एकदा परत बघा ना. माझी चिप..."

"चिप बरोबर आहे गं. पाणी पी, बस सावलीला. अजून गोळा फेकायचाय तुला."

सावलीला राधिका बसलेली होती. तिची तुकडी आधी झाली होती. मिनाला पाहून ती उठली, काही बोलणार होती, पण मिनाच्या तोंडाकडं पाहून तिनं आपली पाण्याची बाटलीच पुढं केली. बाजूची मुलगी म्हणाली, "हिचं दोन एकोणपन्नास. हरणी हाय ही."

म्हणजे हिंगोलीचं मैदान मोठं नव्हतं. मैदान तेच, दिवस तोच, हवा तीच. उरलं काय? उरली मिना. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं लावून स्वतःच्या शरीराची झाडाझडती घेत राहिली. झोप झाली होती. पाळीला वेळ होता. सकाळी दोन केळी खाल्ली होती, तीच जास्त झाली का? कळमनुरी मागं पडल्यावर तिच्या मनात आलं, आज टाचेला हात लावला नव्हता. पदार्थविज्ञान घेऊन बीएस्सी झालेल्या मुलीच्या मनात हे आलं आणि तिला स्वतःची चीड आली. तरी तो विचार वारंगा फाट्यापर्यंत तिच्याबरोबर आला.

मामा फाट्यावर उभा होता, टी-शर्ट घालूनच. उतरणाऱ्या पोरांच्या तोंडाकडं बघत होता. ग्यानबाही पडला होता. सोळाशे मीटरनं पुन्हा त्याचा जीव काढला होता. मामानं मिनाकडं पाहिलं आणि विचारलं नाही, किती. त्या वेळी तिला ती माया वाटली.

"नवी जागा असती," तो म्हणाला. "बुजायला हुतं. घोडं बी बुजतं."

"मी बुजले न्हाई, मामा."

"हुतं पोरी. तुला कळत न्हाई, हुतं."

फाल्गुनात तांड्यावर हळद शिजत होती. मोठ्या कुकरमधून वाफ निघत होती, ताडपत्रीवर पिवळे ढीग वाळत पडले होते, आणि मिना खोऱ्यानं ते पसरत होती, तेव्हा लेखी परीक्षेला घेतलेल्यांची नावं लागली. मिना दोन गुणांनी बाहेर राहिली होती. तिनं मोबाइलवर दोनदा पाहिलं आणि फोन ओढणीत गुंडाळून ठेवून दिला.

अमरसिंगनं विचारलं नाही. त्याला कळलं. तो कुकरखालची लाकडं पुढं सारत म्हणाला, "मी माझा शब्द पाळला का न्हाई?"

"पाळला, बा."

"मंग आता पावण्यांना हो म्हणतो. पोरगा बरा हाय. ओमप्रकाश. ट्रॅक्टर हाय घरी." थोड्या वेळानं त्याच सुरात तो म्हणाला, "तो देविदास मला म्हणला हुता, लागती. लई खात्रीनं म्हणला हुता."

"मामाची काय चूक, बा? म्याच कमी पडले."

राधिका आली ती संध्याकाळी, पेढ्यांचा पुडा घेऊन. तिचं नाव लागलं होतं. तिनं पुडा रुख्मिणीबाईच्या हातात दिला आणि ताडपत्रीच्या कडेला मिनाजवळ येऊन बसली.

"रागावली का गं, मिने?"

"तुझ्यावर काहून रागावू? तू पळालीस."

"मला खरं वाटत न्हाई अजून. मी तर रोज रडायचे. तुझं पळतीबाईपाशी दोन सत्तेचाळीस यायचं, सगळ्या मैदानाला ठावं. अन् माझं तिकडं लई दिवस तीनच्या खाली उतरंना."

"कुठं तिकडं?"

"कालव्यावर."

मिनानं खोरं खाली ठेवलं.

"बाबा न्यायचे ना पहाटे, मैदान उघडायच्या आधी," राधिका म्हणाली. तिला सांगायला बरं वाटत होतं, ती सांगत सुटली. "दोन बाभळी हायेत बघ कालव्याच्या रस्त्याला. तिथं चुन्याच्या खुणा करून दिल्या हुत्या. जाऊन येऊन चारशे बराबर, फितीनं मोजून. मी म्हणायचे, बाबा, मिनाचं बघा अन् माझं बघा, मी सोडते. तर म्हणायचे, तिच्याकडं पाहू नको. ह्या दोन बाभळी खऱ्या."

रुख्मिणीबाईनं पेढा आणून मिनाच्या हातावर ठेवला. मिनानं तो खाल्ला नाही, ठेवलाही नाही. मैदानावर चारशे होते तर मामा आपल्या पोरीला मैदान सोडून कालव्यावर कशाला नेईल? आपल्याच हातानं मारलेल्या रेषा टाकून बाभळींना चुना कशाला लावील? तिनं हे दोनदा, तीनदा उलटून पाहिलं. दुसरं उत्तर निघत नव्हतं.

"तुझ्या बाबानं तुला सांगितलं का, मैदानावर काहून न्हाई?"

"सांगितलं की. तिथं जत्रा भरती म्हणून." राधिकानं तिच्याकडं पाहिलं. "काहून गं?"

"काही न्हाई," मिना म्हणाली. "अभ्यास कर. लेखी राहिली अजून."

सकाळी ती मैदानावर गेली तेव्हा ऊन वर आलं होतं. पुढच्या भरतीची नवी पोरं धावत होती. ग्यानबाही होता, पुन्हा पहिल्यापासून. मामानं तिला पाहिलं आणि हात वर केला.

"ये पोरी, ये! मी म्हणलंच, मिना घरी बसायची न्हाई. तुझ्या बापाला मी पुन्हा..."

"फीत द्या, मामा."

"कसली?"

"लांब उडीची. पन्नास मीटरची."

मामानं लांबवर धावणाऱ्या एका पोराकडं बघून उगाच शिट्टी वाजवली. पोरगं दचकून थांबलं, आपलं काय चुकलं ते न कळून पुन्हा धावायला लागलं.

"तुटली हाय ती."

"तुटलेली द्या."

तो तिच्याकडं बघेना. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "राधिकानं सांगितलं व्हय?"

मिनानं फितीसाठी हात पुढं केला.

"तिला काही ठावं न्हाई. आई शपथ. तिला बोलू नको काही, तिची लेखी हाय."

इतक्या सगळ्यात त्याच्या तोंडून पहिलं हे निघालं.

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगणार हुतो. पह्यल्याच दिवशी सांगणार हुतो. इंजिनेर म्हणला, वळण आत घे, कोन मोजतंय. म्या म्हणलं, साहेब, खालून, दक्षिणेकडून, बाहेर काढावं लागंल. तर म्हणला, खाली नाली हाय, दिसत न्हाई का तुला. मंग म्या मारली रेघ. म्हणलं सकाळी लेकरांना सांगू, एवढं एवढं जास्त पळा." त्यानं हात पसरले. "सकाळी त्या ग्यानबानं पाय धरले बाईचे. तुमी मला उचललं. तू बी हुतीस. म्या म्हणत हुतो ना, ऐका? कोन ऐकलं?"

"त्या दिवशी न्हाई ऐकलं. दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी नारळ आला."

"तिसऱ्या?"

पोरांचा एक घोळका त्यांच्या बाजूनं धापा टाकत गेला. "राम राम, सर!" एक जण पळता पळता ओरडला.

"म्या तुमाला इचारलं हुतं," मिना म्हणाली. "अंधारात. वळणापाशी. चारशे का म्हणून."

"व्हय."

"राधिकाला कालव्यावर नेलं. मला बी न्यायचं हुतं. सांगायचं न्हाई काही, नुसतं न्यायचं. दोन बाभळीत दोघी पळालो असतो."

"तुला नेलं असतं तर तू म्हणली असतीस, काहून." मामाचा आवाज एकदम खाली गेला. "राधिका इचारत न्हाई. सांगितलं तेवढं पळती. तू इचारती. अन् तुला कळलं असतं म्हंजे सगळ्यांना कळलं असतं."

मग मामानं कमरेची किल्ली काढली, खोली उघडली आणि फीत आणली. पिवळी, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. ती कुठंच तुटलेली नव्हती.

"मोजून काय हुणार आता?" तो म्हणाला. "तुझा बाप पावण्यांना हो म्हणला. काल फाट्यावर भेटला हुता मला."

"ठावं हाय."

मिनानं सुरुवातीच्या रेषेवर खडा ठेवला. फितीचं एक टोक धरायला कुणीतरी हवं होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मामानं हात पुढं केला. ती क्षणभर त्या हाताकडं बघत राहिली, मग तिनं कडी त्याच्या बोटात दिली. तो उकिडवा बसला आणि त्यानं ती रेषेवर दाबून धरली.

आतल्या फक्कीपासून एक वीत बाहेरून तिनं फीत सोडत नेली. सरळ भागात ती ताठ बसत होती. वळणावर दर दोन पावलांनी खाली वाकून वळवावी लागत होती. प्रत्येक पन्नासला ती बुटाच्या टाचेनं मुरमात खूण करायची आणि हात वर करायची. मग मामा उठून त्या खुणेवर येऊन बसायचा. उत्तरेकडच्या वळणावर कठड्याची लिंबं वाऱ्यावर हलत होती.

धावणारी पोरं आता वळसा घालून जात होती. ग्यानबा थांबला.

"ताई, काय करून राहिल्या?"

"मोजून राहिले."

"बाईसमोर फीत टाकू नका, ताई. नजर लागती. पायगुण जाईल." तो मामाकडं वळला. "सर, तुमी सांगा ना ताईला."

मामा खुणेवर बोट दाबून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "पुढं घे, मिना," तो म्हणाला.

दक्षिणेच्या नालीकडून वळून ती पायऱ्यांसमोरच्या सरळ भागात आली तेव्हा पोरं एकामागून एक थांबत गेली होती आणि ट्रॅकच्या दोन्ही बाजूंनी उभी होती. कुणीतरी विचारलं, किती झालं. मिनानं सातव्या पन्नासची खूण केली, मामा येऊन बसेपर्यंत थांबली, आणि डबीतली फीत सोडत शेवटच्यांदा चालत गेली. खड्यापाशी आल्यावर ती गुडघ्यावर बसली. फीत ओढून ताठ केली, एकदा सैल सोडली, पुन्हा ताठ केली आणि रेषेवरचा आकडा वाचला.

एकवीस मीटर साठ सेंटिमीटर. सगळं मिळून तीनशे एकाहत्तर मीटर साठ.